बारकूच्या हातून

सिल्वासाजवळच्या सायली गावच्या औद्योगिक वसाहतीत, धागा बनवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधे, एक पांढरी दुमजली इमारत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती बँकेची कचेरी वाटावी. फाटकावर प्रयोगशाळेची पाटीही लहानशीच. आत तळमजल्यावर सशांच्या खोल्या होत्या, आणि त्या सशांची डॉक्टर होती भक्ती.

भक्ती नाशिकची. पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर ती काही वर्षं सिन्नरकडच्या गोठ्यांमधून हिंडली, मग सिल्वासाला आली ती सारंगमुळे. सारंग तिच्या थोरल्या भावाचा वर्गमित्र. शाळेच्या दिवसांत निम्म्या संध्याकाळी तो त्यांच्याच घरी जेवायचा. पुढे औषधशास्त्रात डॉक्टरेट करून तो या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला आणि त्याने भक्तीला बोलावून घेतलं. चारचौघांत ती त्याला सर म्हणे, एरवी दादा.

त्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीचं हृदयरोगावरचं नवं औषध त्यांच्याकडे तपासणीसाठी आलं होतं. अशा कामाला ससा लागतो. उंदराला कितीही चरबी चारा, त्याच्या रक्तवाहिन्या सहसा स्वच्छ राहतात. सशाचं तसं नाही. गवतावर जगणारा जीव तो. त्याच्या खाद्यात कोलेस्टेरॉल मिसळलं की थोड्याच दिवसांत रक्त दुधाळ दिसू लागतं, आणि माणसाच्या धमनीत जो पिवळट थर बसायला अर्धं आयुष्य लागतं तो सशाच्या धमनीत काही महिन्यांत बसतो. औषधाने तो थर कमी होतो का, एवढंच पाहायचं होतं. काही सशांना नुसतं साधं खाद्य, काहींना चरबीचं, काहींना चरबीच्या खाद्यासोबत औषधाचा लहान डोस आणि काहींना मोठा. शेवटी सगळ्यांना सुईने झोपवायचं आणि धमन्या उघडून बघायच्या.

भक्तीला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ससे मरणार आहेत हे माहीत असूनच ती त्यांना सांभाळत होती. त्यांना दुखू नये, भीती वाटू नये, आणि त्यांच्या मरणातून जे कळेल ते खरं असावं, एवढ्यावर तिने मनाची समजूत घातली होती.

सशांना भीती न वाटू देण्याचं काम बारकूचं. बारकू जवळच्या अथाल गावचा वारली, पन्नाशी उलटलेला. आला होता झाडूवाला म्हणून, पण ससे त्याला बिचकत नाहीत हे पाहून भक्तीने त्याला पिंजऱ्यांवर घेतलं. सशाचे मागचे पाय दांडगे आणि कणा काचेसारखा. उचलताना खालून आधार दिला नाही आणि त्याने झटका मारला, तर तो स्वतःच्याच जोराने स्वतःची पाठ मोडून घेतो. म्हणून एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली, आणि ससा आपल्या अंगाशी. भक्तीने हे शिकवलं आणि बारकूने ते असं उचललं, की कानातून रक्त काढतानाही त्याच्या काखेत डोकं खुपसून ससे गप्प बसत. तो त्यांना पोरं म्हणायचा. भक्तीला तो बाय म्हणायचा, आणि ती त्याला बारकूकाका.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा एका सकाळी बारकू तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाय, खालच्या रांगेतला येक पाय वढतो," तो म्हणाला.

भक्ती खाली गेली. मोठ्या डोसचा ससा होता. मागचे पाय लाकडासारखे मागे पसरलेले. तिने त्याची पाठ चाचपली, बोटांना चिमटा काढून पाहिला. ससा पाय ओढून घ्यायचा प्रयत्न करत होता, म्हणजे संवेदना शाबूत होती. पण जोर नव्हता. पुढच्या पायांतही नव्हता. मान वर धरतानाही त्याला कष्ट पडत होते. पिंजऱ्याखालच्या तबकात मूत्र चहाच्या रंगाचं. तिने क्ष-किरणाचा फोटो काढला. कणा सरळ, स्वच्छ.

त्या आठवड्यात त्याच रांगेतले आणखी काही ससे तसेच बसले. पहिला मेला. भक्तीने त्याला उघडलं तेव्हा मांडीचा स्नायू उकडलेल्या मांसासारखा फिकट पडला होता. तिने त्याचा तुकडा बाटलीत घातला आणि तशीच सारंगच्या खोलीत गेली.

"दादा, हे औषध स्नायू खातंय," ती दार लावून घेत म्हणाली.

सारंगने बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाला, "धमन्या कशा होत्या?"

"स्वच्छ. तिकडे औषध कामच करतंय. पण ससा चालू शकत नाहीये."

"बरं. बाटली माझ्याकडे ठेव, पुण्याला तपासायला पाठवतो. मुंबईला मी कळवतो. तू उगाच घाबरू नकोस."

"लगेच कळवायला हवं."

"भक्ती, माझ्यावर सोड," तो म्हणाला. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. सायकलची चेन पडली की, गणिताचं पुस्तक हरवलं की. तिने सोडलं.

पुढच्याच आठवड्यात तिच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आजारी ससे टाकून जायला तिचं मन होत नव्हतं, पण सारंगनेच आग्रह केला. "काकूंच्या डोळ्यांचं आहे, जा तू. इथे मी आहे ना," म्हणाला. वर आईसाठी काजूंची पिशवी दिली. नाशिकहून तिने दोनदा फोन केला तेव्हा सगळं ठीक असल्याचं त्याने सांगितलं.

ती परतली त्या दिवशी खालची रांग रिकामी होती. पिंजरे धुऊन, पुसून उलटे ठेवलेले. बारकूच्या जागी एक अनोळखी पोरगेला माणूस खाद्य भरत होता. त्याला काही विचारावं तर तो आदल्या दिवशीच लागलेला. ती सारंगला शोधत वर गेली, तर बैठकीच्या खोलीत मुंबईच्या कंपनीच्या डॉक्टर मीनाक्षी येऊन बसल्या होत्या. सारंग पडद्यावर आकडे दाखवत होता. त्याने तिला हाताने बसायची खूण केली.

"मोठ्या डोसच्या काही सशांचे मागचे पाय गेले, त्याचं कारण औषध नाही," तो सांगत होता. "दुर्दैवाने आमच्या माणसाकडून उचलताना चूक झाली. पाठीला इजा. सशात हे होतं, तुम्हाला माहीतच आहे. तळमळत ठेवणं बरं नव्हतं, म्हणून आम्ही त्यांना झोपवलं. त्या माणसाने माझ्यासमोर आणि ऑफिसच्या लोकांसमोर चूक कबूल केली आहे. त्याला काढलंय."

भक्तीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय. कुठला माणूस? सशांना हात लावणारा एकच माणूस होता.

"बारकूने कबूल केलं?" तिने विचारलं.

"हो," सारंग म्हणाला.

क्षणभर तिचंही मन डळमळलं. बारकू खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणत असेल माझ्याकडून झालं, तर झालं असेल का? मग चहाच्या रंगाचं मूत्र तिला आठवलं.

"पण पुढचे पायही गेले होते. मूत्र काळपट होतं. आणि फोटोत कणा साफ होता," ती मीनाक्षींकडे वळून म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून चढला.

"एकाच सशाचा फोटो काढला होता," सारंग शांतपणे म्हणाला. "मज्जातंतूला मार बसला तर फोटोत दिसेलच असं नाही. डॉक्टर मीनाक्षी, भक्तीने त्या माणसाला हाताखाली तयार केलं होतं. तिचा जीव होता त्याच्यावर. तिला हे जड जाणं साहजिक आहे."

मीनाक्षींनी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि वहीत काही लिहिलं. त्या नजरेने भक्तीचं तोंड बंद झालं. मायाळूपणाचा शिक्का एकदा बसल्यावर ती पुढे जे काही बोलेल ते मायेपोटीच वाटणार होतं. हे सारंगने मुद्दाम केलं होतं, आणि तिचा स्वभाव त्याच्याइतका बाहेरच्या कुणाला माहीत नव्हता.

बैठक संपल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं.

"ती बाटली पुण्याला पाठवलीस?"

त्याने हातातले कागद सारखे केले.

"दादा, मी तुला विचारतेय."

"नाही पाठवली," तो म्हणाला. "ऐक. माणसांना देताना डोस याहून कितीतरी कमी असेल. आत्ता हे नोंदलं गेलं तर औषध इथेच मरेल. माझे बाबा बेचाळिसाव्या वर्षी गेले, तू तुमच्या ओट्यावर उभी राहून बघत होतीस. त्यांच्या धमनीत जे अडकलं होतं ते हे औषध काढू शकतं. मी काय चार सशांसाठी ते थांबवू?"

"आणि मला नाशिकला कशाला पाठवलंस?"

"काकूंचं ऑपरेशन होतं."

"तुझ्या मनात तेव्हाच होतं."

तो कठड्याला टेकला. "तू इथे असतीस तर तुला त्रास झाला असता," तो म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

संध्याकाळी ती स्कूटरवरून अथालला गेली. बारकूचं घर रस्त्यापासून आत, कुडाच्या भिंतींचं. अंगणात त्याची बायको पुतळाबाई वालाच्या शेंगा सोलत होती, आणि तिच्या पायाशी एक तान्हं पोर गोधडीवर पडून रडत होतं. बारकू जवळच बाजेवर बसला होता. पोर रडत होतं तरी तो जागचा हलला नाही. पुतळाबाईनेच हात पुसून पोरीला उचललं.

"नातीला हात नाय लावत आता," पुतळाबाई भक्तीला म्हणाली. "माजे हात वायीट झालं, बोलतो. मी सांगते, अरे पोर हाय ती, ससा नाय. आयकत नाय."

बारकू खाली मान घालून बसला होता. भक्ती त्याच्या समोर जमिनीवरच बसली.

"बारकूकाका, तुम्ही असं का सांगितलंत?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला.

तिला कळेना.

"सायेबानी बोलावला मना," तो सावकाश सांगू लागला. "बोलला, बायनं फोटू काढला, त्यात पाठ मोडलेली दिसली. पोरांची पाठ तुज्या हातशी मोडली. बायला तुजी दया आली म्हनून ती कोनाला बोलली नाय. आता मुंबईशी मोटी बाय येनार, ती विचारल, आन बायनं लपवला म्हनून बायची नोकरी जाल. तू खरा सांगून टाक, मंग बाय सुटल." त्याने हात उलटेसुलटे करून पाहिले. "मी लय इचार केला, कदी झाला असल. मना ध्यानात येई ना. पन बायनं फोटूत बघला तर झालाच असल. मंग मी सांगला."

सारंगने खोटं बोलायला तयार असलेला माणूस शोधला नव्हता. त्याने खऱ्या माणसाला तिच्या नावाने फसवून, त्याने न केलेलं पाप त्याला पटवून दिलं होतं.

"फोटोत काही नव्हतं, काका," ती म्हणाली. "पाठ साफ होती. तुमच्या हातून काहीही झालं नाही. औषधाने झालं. मी कुणाची दया केली नाही आणि काही लपवलंही नाही. मी साहेबांना त्याच दिवशी सांगितलं होतं."

बारकू तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं तिला वाटलं होतं. ती दिसली नाही.

"मंग मना तसा का सांगला?" त्याने विचारलं.

"त्यांना औषध वाचवायचं होतं."

"त्ये त्यांचा. पन मना का?" तो म्हणाला. "आनखी येक इच्चारतो, बाय. तुमी आयकला का मी कबूल झालो, तवा तुमाला काय वाटला? माज्या हातशी झाला असल?"

"एक क्षण वाटलं," भक्ती म्हणाली. खोटं बोलणं तिला त्या अंगणात शक्य नव्हतं.

बारकूने मान हलवली. पुतळाबाई चहा ठेवायला आत गेली. तिघांनी तो अंगणातच प्यायला.

परतताना, नरोलीच्या रस्त्याला लागण्याआधी, तिने स्कूटर कडेला घेतली. इतका वेळ तिचं डोकं सारंगभोवतीच फिरत होतं. आता ते सशांकडे वळलं. ससे जाळले गेले होते. स्नायूची बाटली सारंगच्या ताब्यात होती. पण दर आठवड्याला कोलेस्टेरॉलसाठी काढलेल्या रक्ताचा उरलेला भाग डीप फ्रीझरच्या कपाटात ठेवला जात असे, आणि स्नायू झिजू लागले की त्याची खूण त्याच रक्तात सापडते. सारंग औषधाचा माणूस. त्याचं लक्ष धमन्यांवर होतं. कपाट त्याला आठवलं नसावं.

तिने मीनाक्षींना फोन लावला. त्या सिल्वासातच, हॉटेलवर होत्या.

"हे तुम्ही दुपारी का नाही बोललात?" सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

"सुचलं नाही. मला माझ्या माणसाने फसवलंय हेच डोक्यात घुसत नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मॅडम. रक्त घेऊन जा आणि तुम्हाला हवं तिथे तपासा."

सकाळी मीनाक्षी निघण्याआधी प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांनी नमुने मागितले. सारंगने एकदाच भक्तीकडे पाहिलं. मग स्वतः किल्ली आणली, स्वतः कपाट उघडलं, आणि बर्फाच्या डब्यात नळ्या भरायला हसत हसत मदत केली. पुढचे दिवस ती कामावर जात होती, पण दोघांत शब्द नव्हता. सोनाली वहिनी, सारंगची बायको, रविवारी डबा पाठवायची. तोही बंद झाला.

तपासणीचा निकाल आला तो स्पष्ट होता. पाय ओढू लागण्याच्या कितीतरी आधी मोठ्या डोसच्या सशांचे स्नायू तुटू लागले होते. लहान डोसच्या सशांमध्येही सुरुवात झाली होती. सारंग ज्या कमी डोसच्या भरवशावर होता, तोही सुरक्षित नव्हता. कंपनीने औषध तिथेच थांबवलं.

मग सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं गेलं. पडद्यावर मुंबईच्या कंपनीचे मोठे साहेब होते, शेजारी मीनाक्षी. साहेबांनी सिल्वासाच्या टीमचे आभार मानले. नमुने इतक्या काळजीने जपून ठेवल्यामुळे माणसांवरचा धोका टळला, असं ते म्हणाले, आणि डॉक्टर सारंग यांनी वेळीच शंका व्यक्त करणारा मेल पाठवला याचा त्यांनी खास उल्लेख केला. तो मेल नमुने गेल्यानंतर, निकाल येण्याआधी, कधीतरी गेला असावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर मीनाक्षी खाली बघत होत्या.

भक्ती उभी राहिली. "मग बारकू यांच्यावर जो ठपका ठेवला, तो काढणार का?"

नोकरवर्गाचं काम बघणाऱ्या ऑफिसच्या बाईंनी घसा साफ केला. "तो विषय संपलेला आहे, मॅडम. त्यांनी स्वतः कबूल केलं होतं."

काम बंद झालं तरी उरलेले ससे होते. चरबी खाल्लेले, धमन्या भरलेले. त्यांना सोडायची सोय नव्हती. त्यांना झोपवेपर्यंत भक्ती थांबली. नव्या माणसाच्या हातात ते देणं तिला नको होतं, म्हणून एकेकाला तिने स्वतः उचललं आणि सुई तिच्या मदतनिसाने दिली. एकाही सशाने झटका दिला नाही. माणसाचा हात म्हणजे भिण्यासारखं काही नाही, हे बारकूने त्यांना शिकवलं होतं. ते तिच्या काखेत डोकं घालून बसले, आणि तसेच गेले. संपल्यावर ती बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

राजीनामा दिला त्या दिवशी सारंग फाटकापर्यंत तिच्यासोबत चालत आला.

"शेवटी तुझ्याच मनासारखं झालं ना?" तो म्हणाला. "औषध थांबलं. आता कशाला जातेस? भक्ती, मी चुकलो असेन. पण मी वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे."

"ते ससे मरणारच होते," ती म्हणाली. "मरताना त्यांनी खरं ते सांगितलं. तू ते बारकूच्या हातांवर ढकललंस, आणि त्यासाठी माझं नाव वापरलंस. तो तुझ्यावर विश्वास ठेवून फसला नाही, सारंग. माझ्यावर ठेवून फसला."

तिने स्कूटर सुरू केली.

ती तडक अथालला गेली. निकाल बारकूला तिला स्वतः सांगायचा होता. तो घरामागे कुंपणाच्या काठ्या बांधत होता. तिने सगळं सांगितलं: रक्तात काय सापडलं, औषध कसं थांबलं, टाळ्या कुणाला मिळाल्या, आणि त्याच्यावरचा ठपका तसाच राहिला आहे हेही. त्याने काठीची गाठ पुरी केली.

"बाकीची पोरां?" त्याने विचारलं.

"झोपवली."

"कोनी धरला?"

"मी."

मग पुतळाबाईला हाक मारून त्याने पाणी आणायला सांगितलं. सोमवारपासून प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या कंपनीत जायचं ठरलंय, असं तो म्हणाला. खुर्च्या एकात एक बसवायच्या आणि ट्रकात चढवायच्या, सोपं काम आहे, खुर्चीला जीव नसतो. कंपनीची बस रस्त्यावरच थांबते. भक्तीने विचारलं, प्रयोगशाळेने परत बोलावलं तर? बारकूने नाही म्हटलं, आणि पुढची काठी उचलली.